अकरावा रकाना

या अंकात कामाविषयी लिहिणारे बहुतेक जण निवृत्त असतात. कुणी पोस्टात आयुष्य काढलेलं असतं, कुणी साखर कारखान्यात, कुणी कोयनानगरच्या वसाहतीत. माझं काम अडीच वर्षांचं, तेही रोज तीन तासांचं. संपादकांना मी तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, वर्षं मोजू नकोस, काय बघितलंस ते लिही. म्हणून लिहिते आहे. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे. नावं मात्र बदलली आहेत.

मी साताऱ्यात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव विट्याच्या पुढं, सांगली जिल्ह्यात. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. वडील कोइमतूरला गलाईच्या दुकानात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली निम्मी माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली असतात आणि दिवाळीला नाहीतर गावच्या यात्रेला घरी येतात. मी वसतिगृहात राहते. 'कमवा आणि शिका' योजनेत काही मुलांना बागेत काम मिळतं, काहींना ग्रंथालयात. माझं अक्षर बरं म्हणून मला कार्यालयात खिडकी नंबर चार मिळाली.

खिडकी चारवर फी-सवलतींचे अर्ज घेतात. त्यातला शिक्षकांच्या मुलांचा गठ्ठा माझ्याकडे. आमची संस्था जुनी आहे आणि तिचा एक जुना नियम आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाचं मूल आपल्याकडे शिकत असेल तर त्याची शिकवणीची फी घ्यायची नाही. परीक्षा, प्रयोगशाळा, ग्रंथालय हे भरावं लागतं, पण मोठी रक्कम शिकवणीचीच असते. संगणकशास्त्रासारख्या विनाअनुदानित तुकडीत तर फारच मोठी. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची मुलं शिकवली त्याचं मूल आपण शिकवायचं, असा तो हिशेब. हे मला पवार भाऊसाहेबांनी सांगितलं. ते आमचे मुख्य लिपिक, माझे साहेब. चष्मा कपाळावर आणि पेन कानावर ठेवून ते दोन्ही शोधत असतात.

अर्जाला चौदा रकाने आहेत. तेरा कुणालाही समजतील. अकरावा समजावून सांगावा लागतो: 'वैयक्तिक मान्यता आदेशाचा क्रमांक व दिनांक'. शाळेला सरकारची मान्यता असते ती वेगळी. तिथल्या शिक्षकाच्या नेमणुकीला मान्यता मिळाल्याचा आदेश वेगळा. तो प्रत्येकाच्या नावानं निघतो. तो निघाला की पगार नियमानं सुरू होतो आणि नोकरी पक्की होते. तो निघत नाही तोवरही माणूस रोज वर्गात शिकवतो, पेपर तपासतो, सहल घेऊन जातो, मुलं त्याला सर म्हणतात. फक्त अकरावा रकाना कोरा राहतो.

कागदपत्रं पूर्ण असतील तर मी अर्जाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण करून सही करायची. अपुरी असतील तर 'त्रुटी' असं छापलेली पिवळी चिठ्ठी भरून द्यायची. माझं काम एवढंच.

शिक्षक मंडळी खिडकीवर आली की गंमत असते. सगळ्यांना फॉर्म भरून घ्यायची सवय, भरायची नाही. एका मुख्याध्यापकांनी आमचा छापील अर्ज हातात घेतला, खिशातून लाल पेन काढलं, शुद्धलेखनाच्या सहा चुका दुरुस्त केल्या, खाली सही केली आणि अर्ज न भरताच मला परत दिला. कराडकडचं एक जोडपं यायचं, दोघंही शिक्षक. मुलाचा अर्ज कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर भरायचा यावरून खिडकीपाशी त्यांचं भांडण. बाई म्हणायच्या, माझी नोकरी आधी लागली. गुरुजी म्हणायचे, आडनाव माझं लावतोय. मुलगा मागं भिंतीला टेकून मोबाइल बघत उभा. शेवटी भाऊसाहेबांनी आतून सांगितलं, "एक वर्ष ह्यांचा, एक वर्ष तुमचा. तिसऱ्या वर्षी नापास झाला तर दोघांनी वाटून घ्या."

फलटणकडच्या एक बाई मला कायम आठवतात. त्यांचे पती शिक्षक होते, नोकरीत असतानाच वारले. दर जूनला त्या येत आणि खांद्यावरच्या पिशवीतून एक कागद काढत. प्लॅस्टिकमध्ये, त्यावर पुन्हा कापडात गुंडाळलेला. पतीचा मान्यता आदेश. मी झेरॉक्स काढून आणेपर्यंत त्या उभ्याच राहायच्या. मूळ कागद हातात आला की मगच बसायच्या. तेव्हा मला ते थोडं जास्त वाटलं होतं. ज्याच्याकडे तो कागद असतो तो न मागताच दाखवतो, हे तिथं मला दिसायला हवं होतं.

आता शिंदे सरांविषयी.

शिंदे सर आमच्या गावच्या माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतात. मी आज जे काही लिहिते ते त्यांच्यामुळे, असं म्हटलं तर ते रागावतील. दहावी झाली तेव्हा वडील यात्रेसाठी आले होते. त्यांनी ठरवलं होतं की पोरीला आता शिवणक्लास लावायचा आणि दोन वर्षांत लग्न. हे सरांना कुणी सांगितलं माहीत नाही. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि दोन तास उठले नाहीत. वडिलांचं म्हणणं होतं, आमच्यात कोण शिकलंय, ही शिकून कुठं जाणार. सर एवढंच म्हणत राहिले, "दोन वर्षं मला द्या. बारावीनंतर तुमचं तुमी बघा." शेवटी वडील आईला म्हणाले, "सर म्हणत्यात तर शिकू दे." बारावीनंतर लग्नाचा विषय घरात कुणी काढलाच नाही. मी साताऱ्याला आले.

सर रोज पहाटे गावच्या दूध संकलन केंद्रात बसायचे. दुधाचं माप, फॅट, सगळं वहीत लिहायचे आणि मग आंघोळ करून शाळेत यायचे. त्यांच्या शर्टाला पहिल्या तासाला दुधाचा वास असायचा. आम्हा मुलांना वाटायचं, सरांना गावाच्या कामाची हौस आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते विट्याच्या एका कापड दुकानात हिशेब लिहायचे, तेही हौसेनंच असं वाटायचं. हे सगळं मी बघितलेलं होतं. त्याचा अर्थ लावायचा असतो, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना जुलैत खिडकीसमोर सर दिसले. बरोबर त्यांचा मुलगा अनिकेत. त्याला आमच्याकडे संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला होता. मी उठून उभी राहिले. सरांच्या हातातून खिडकीच्या त्या लहानशा फटीतून कागद घेणं मला बरं वाटेना. बाजूच्या दारानं त्यांना आत घेतलं, भाऊसाहेबांच्या खुर्चीवर बसवलं. भाऊसाहेब त्या दिवशी बैठकीला गेले होते. मी चहा मागवला. बाहेर रांगेत कुणीतरी म्हणालं, "पाव्हणं आलं वाटतं." मला त्याचाही अभिमानच वाटला.

सरांनी कार्यालय डोळे भरून बघितलं. अनिकेतला म्हणाले, "बघ. खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचं असतं."

मी अर्ज तपासायला घेतला. अक्षर सरांचंच, मोत्यासारखं. मुख्याध्यापकांचा दाखला होता, गोल शिक्का होता, जावक क्रमांक होता. अकरावा रकाना कोरा होता.

"सर, हा आदेशाचा…" मी एवढंच म्हणाले.

"व्हय, ते शाळेच्या फायलीत हाय. होईल. पाठवून देतो," सर म्हणाले आणि चहाच्या कपाकडं बघू लागले. अनिकेतनं वडिलांकडं बघितलं. ते बघणं मी पाहिलं होतं, हे मला आज लिहावंच लागेल.

नियमानं मी पिवळी चिठ्ठी भरायला हवी होती. चिठ्ठीवर ठळक अक्षरात 'त्रुटी' आणि खाली 'अर्जदारास समज दिली' असं छापलेलं असतं. ज्या माणसानं पाच वर्षं माझ्या निबंधांखाली शेरे लिहिले, त्यांच्या हातात, त्यांच्या मुलासमोर, मी त्रुटीची चिठ्ठी ठेवायची? माझा हात काही तिकडं गेला नाही. मी कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि सही केली. सर जाताना मी त्यांच्या पाया पडले.

आता दुसऱ्या एका सवलतीविषयी सांगायला हवं. आमच्या संस्थेत होतकरू निधी म्हणून एक आहे. घरचं उत्पन्न कमी असेल त्या मुलाची फी त्यातून भरतात, शिक्षकाचं मूल असो नाहीतर कुणाचंही. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला लागतो, बाकी काही नाही. अट दोनच. एका मुलाला एकच सवलत मागता येते, आणि त्या निधीचे अर्ज गणपती विसर्जनापर्यंतच घेतात. नंतर पैसे वाटून टाकतात.

ऑगस्ट गेला, गणपती गेले. सरांकडून आदेश आला नाही. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. सरांना तगादा कसा लावायचा? सर म्हणालेत म्हणजे पाठवतील.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर संस्थेच्या मुख्य कार्यालयातून गठ्ठा तपासून परत आला. एकच अर्ज नामंजूर होता. शेरा होता: मान्यता आदेश नाही. भाऊसाहेबांनी मला आत बोलावलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण आवाज हळू होता.

"खूण कुणाची?"

"माझी."

"आदेश बघितला होतास?"

"नाही."

"मग काय बघून खूण केलीस?"

"सर होते, भाऊसाहेब. माझे सर."

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणून तर बघायचा होता, बाळ," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मान्यता न मिळालेले शिक्षक दरवर्षी येतात. आठ-दहा तरी असतात. कुणाची दहा वर्षं झालेली, कुणाची पंधरा. ते सगळे पहिल्यांदा शिक्षकांचाच अर्ज घेतात, कारण मुलगा बरोबर असतो. भाऊसाहेब त्यांना खिडकीवरून आत बोलावून घेतात आणि स्वतः आदेश मागतात. ते म्हणतात, फायलीत आहे, पाठवतो. भाऊसाहेब आणखी काही विचारत नाहीत. ड्रॉवरमधून होतकरू निधीचा कोरा अर्ज काढतात आणि पहिल्या अर्जाच्या खाली ठेवून दोन्ही परत देतात. आठवड्याभरात दुसरा अर्ज भरून येतो. त्याविषयी कुणी बोलत नाही. "तू आदेश मागितला असतास तर त्यांचा अपमान झाला असता असं तुला वाटलं," ते म्हणाले. "मागितला नाहीस, म्हणून आता होणार."

सरांना फोन मलाच करायचा होता. मी केला. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एस.टी.नं आले. मी दार उघडून आत बोलावलं, तर म्हणाले, "नको. रांग हाय." ते रांगेत उभे राहिले. पुढं तीन मुलं होती. त्या तिघांचे कागद मी कसे घेतले ते मला आठवत नाही.

खिडकीपाशी आल्यावर त्यांनी दोन्ही हात फळीवर ठेवले आणि वाकून बोलले, मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

"चौदा वर्षं झाली. प्रस्ताव जातोय आणि त्रुटी लावून परत येतोय. औंदा होईल असं सांगितलं होतं. खरं वाटलं." मग म्हणाले, "घरी ठाऊक हाय. पोराला पण ठाऊक हाय. तुला ठाऊक नव्हतं."

"सर, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी चिठ्ठी द्यायला पाहिजे होती."

"तुला कसं जमलं असतं?" सर म्हणाले. "मीच शिकवलंय न्हवं तुला."

त्यांचा आवाज चिडका नव्हता. चिडका असता तर बरं झालं असतं.

मी प्राचार्यांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत गेले. चूक कबूल करून लिहून दिलं. माझं कामाचं मानधन कापून घ्या असंही लिहिलं. प्राचार्यांनी ते वाचून परत दिलं. ते भले माणूस आहेत. निधी संपला होता, तरी त्यांनी मार्ग काढला. अनिकेतला पहिल्या सत्राची परीक्षा देऊ दिली आणि फी हप्त्यानं भरायला सांगितलं. याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं. मानधनाची गोष्ट सरांना कळली तेव्हा त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं, असलं परत करू नको.

अनिकेत त्या सत्रात तुकडीत दुसरा आला. माझ्याशी तो नीट बोलायचा, त्यामुळं मला जास्त त्रास व्हायचा. एकदा ग्रंथालयात मी त्याची माफी मागायला गेले तर म्हणाला, "ताई, तुम्ही लय मनाला लावून घेताय. आमच्या घरात हे दरवर्षीचं हाय." संक्रांतीपर्यंत तो दिसला. मग दिसेना. हप्ता भरायची तारीख येऊन गेली होती. हजेरीपटावर त्याच्या नावापुढं प्राध्यापकांनी महिनाभर गैरहजर लिहिलं आणि नंतर लाल रेघ मारली.

चैत्रात आमच्या गावची यात्रा असते. वडील आले होते. ते आले की घरात दोन दिवस कोइमतूरचे केळीचे वेफर असतात आणि त्यांचं हिंदी-तमिळ मिसळलेलं बोलणं असतं. त्यांच्या बोटांची टोकं ॲसिडनं काळी पडलेली आहेत. ती कशानंच निघत नाहीत.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आले. चार वर्षांपूर्वी बसले होते त्याच जागी, ओट्यावर खांबाला टेकून बसले. मी पाणी दिलं. त्यांनी माझी परीक्षा कधी आहे ते विचारलं. मग बराच वेळ पालखीचं, पावसाचं बोलणं झालं. वडिलांना कळेना सर का आलेत. मला मात्र कळलं होतं. मी दारातच उभी राहिले.

सर म्हणाले, "अनिकेतला तुमच्याबरोबर न्याल का?"

वडील सावरून बसले. मग म्हणाले, "आवं सर, तुमचं पोरगं? कॉलेजात हाय न्हवं ते?"

"होतं."

"ते भट्टीचं काम हाय, सर. धुरात बसायचं. तुमीच मला म्हणाला हुता, ह्या ओट्यावर, की पोरांस्नी ह्यात घालू नका."

"म्हणालो होतो," सर म्हणाले. "दोन वर्षं तुमी घ्या. मग त्याचं तो बघंल."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खिडकीची गोष्ट ठाऊक नव्हती. मी ती कुणालाच सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. वडील रागावले नाहीत. इतकंच म्हणाले की मोठ्या माणसाला कागद मागू नये असं आम्हीच तुला शिकवलं, तुला तरी काय बोलायचं.

यात्रेनंतर आठ दिवसांनी वडील आणि अनिकेत मिरजेहून रेल्वेनं गेले. मी स्टेशनवर गेले नाही. सर गेले होते. वडील फोनवर सांगतात, पोरगं हुशार आहे, तमिळ आकडे दोन महिन्यांत शिकलं, दुकानाचा सगळा हिशेब मोबाइलवर आणलाय. अजून हातमोजे घालतं, बाकीची पोरं हसतात. सरांचा प्रस्ताव याही वर्षी परत आला. ते पहाटे दूध केंद्रावर असतात आणि साडेदहाला शाळेत. हा लेख लिहू का म्हणून मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी कच्चा मसुदा मागून घेतला आणि दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं. 

खिडकी चारवर मी अजून आहे. या जूनमध्ये जतकडचे एक शिक्षक आले होते. बरोबर मुलगी, दोन वेण्या घातलेली, नवी फाइल छातीशी धरलेली. अर्ज नीट भरला होता. अकरावा रकाना कोरा.

"सर, मान्यता आदेश दाखवा," मी म्हणाले.

ते जरा तडकले. "अठरा वर्षं शिकवतोय मी. तुझ्यासारख्या किती जणी माझ्या हाताखालून गेल्या असतील."

"गेल्या असतील, सर. आदेश दाखवा."

त्यांनी मुलीकडं बघितलं. मग म्हणाले, फायलीत आहे, पाठवून देतो. मी बरं म्हणाले. ड्रॉवर उघडला, होतकरू निधीचा अर्ज काढला, त्यांच्या अर्जाच्या खाली ठेवला आणि दोन्ही कागद फटीतून बाहेर सरकवले. त्यांनी खालचा कागद थोडा ओढून बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला. माझ्याकडं पाहिलं नाही.

पायऱ्या उतरताना मुलगी त्यांना काहीतरी विचारत होती. बहुतेक दोन अर्ज कशाला, हेच. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.